वरचा सूर

पुनमला गाण्यात पहिली शिकवण मिळाली ती ही: कोरसवालीचा आवाज वेगळा ऐकू आला, की ती चुकली.

ही शिकवण दीपकची. पुण्याच्या हॉस्टेलात इंजिनिअरिंगपेक्षा गिटारच जास्त शिकून तो जळगावला परतला होता आणि त्याने ‘उन्हाळा’ नावाचा बँड काढला होता. ड्रम, दोन गिटार आणि त्यावर अहिराणी गाणी. असलं काही खान्देशात तोवर कोणी ऐकलं नव्हतं. अमळनेरच्या कॉलेजात गॅदरिंगला तो पाहुणा म्हणून आला आणि शेतकऱ्याच्या घरची, अंगाने बारीक पण आवाजाने रुंद अशी पुनम त्याला तिथे सापडली. “माझ्या मागे गाशील?” त्याने विचारलं. ती एवढी हरखली, की ‘मागे’ या शब्दाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

जळगावात मेहरूणला एका गोदामात सराव चालायचा. अमळनेरहून पॅसेंजरने यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. दीपक श्वास कुठे घेतो, खांदा कधी उचलतो, कुठला शब्द ओढतो आणि कुठला गिळतो, हे सगळं ती त्याच्या पाठीकडे बघून शिकली. तो आज घाईत आहे की रमतगमत गाणार, हे त्याने तोंड उघडण्याआधीच तिला कळू लागलं. लग्न होऊन ती धुळ्याला आली. नवरा नवल एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्याने तिला कधी अडवलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी भाकरी त्यानेच थापायची, असं घरात ठरूनच गेलं होतं.

‘उन्हाळा’चं जे गाणं पुढे सगळ्यात गाजलं, ते पुनमनेच केलेलं होतं. भर दुपारी फाट्यावर उतरून एकटी माहेरी चालत निघालेल्या बाईचं गाणं. चालही तिचीच. सरावात तिने ते भीत भीत म्हणून दाखवलं, तेव्हा दीपक गिटार खाली ठेवून ऐकत राहिला.

“पुनम, हे तुझ्याच आवाजात करायचं,” तो म्हणाला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र पुढच्या माइकवर तोच उभा राहिला. “बाईचं दुःख बाईने गायलं तर लोकांना ते रोजचंच वाटतं,” त्याने समजावलं. “पुरुष गायला की काळजाला लागतं. पुढचं गाणं तुझं, नक्की.” तिने मान हलवली आणि आपल्या जागेवर, मागे जाऊन उभी राहिली.

गाणं लागलं ते असं, की लग्नाच्या वरातीत, गणपतीत, पानटपरीवर, जिथे तिथे तेच. पुढचं गाणं मात्र आलंच नाही.

काही वर्षांनी दीपकचा घसा बसू लागला. गाठी आहेत, सहा महिने गाऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारखा घेऊन झाल्या होत्या, त्यामुळे त्याने ऐकलं नाही. त्या गाण्याच्या अंतऱ्यात एक सूर वर चढतो. तो त्याला लागेना. मग अशी सोय निघाली, की तिथे दीपकने डोळे मिटून मान मागे टाकायची, साउंड सांभाळणाऱ्या प्रेमराजने त्याच्या माइकचा आवाज उतरवून पुनमच्या माइकचा चढवायचा, आणि पुनमने आवाज जाड करून तो सूर लावायचा. बायकी वाटणार नाही असा. लोक नेमके त्याच जागी शिट्ट्या मारायचे.

एकदा धुळ्याच्या कार्यक्रमाला तिची आई, ताईबाई, गावाहून आली. लेकीला स्टेजवर पाहण्यासाठी तिने नवं लुगडं नेसलं होतं. कार्यक्रम संपल्यावर ती लेकीजवळ आली.

“पोरी, तू मांगे काबर उभी ऱ्हास?” तिने विचारलं. “तुना आवाज माले कोठेच ऐकू उना नही.”

“अवं माय, तो वरचा सूर! लोकांनी शिट्ट्या मारल्या ना, तो माझा होता.”

ताईबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. “तो ते त्या दीपकना व्हता,” ती हळूच म्हणाली. लेक मोठेपणासाठी खोटं बोलते आहे, असंच तिला वाटलं. पुनमने पुन्हा सांगितलं नाही. जन्म दिलेल्या बाईलाही ओळखू येणार नाही इतकं काम तिला चांगलं जमलं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा धुळ्यातच कार्यक्रम होता. दुपारी एका वर्तमानपत्राचा माणूस आला. हे गाणं सुचलं कसं, असं त्याने दीपकला विचारलं. “अहो, असली गाणी कोणी करत नाही,” दीपक म्हणाला. “ती या मातीतूनच येतात.” पुनम चहाचा कप हातात धरून तिथेच बसली होती.

तो माणूस गेल्यावर ती म्हणाली, “भाऊ, माझं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

“पुनम, बँड म्हणजे घर असतं,” दीपक हसून म्हणाला. “घरात कोण कोणाचं नाव घेत बसतं?”

संध्याकाळी ते गाणं सुरू झालं. आपण काय करणार हे तिने ठरवलं नव्हतं. अंतरा आला, दीपकने डोळे मिटले, मान मागे टाकली. प्रेमराजने माइक चढवला. पुनमने श्वास घेतला आणि तोंड मिटून घेतलं.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. गोंधळलेल्या दीपकने स्वतःच सूर लावायचा प्रयत्न केला. प्रेमराजने घाईने त्याचा माइक परत चढवला, आणि तो फाटका, घोगरा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. ड्रमवाला थांबला. आता सगळ्यांना कळेल, असं पुनमला वाटलं.

पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ती ओळ उचलली. मग दुसऱ्या रांगेने. बघता बघता सगळं मैदान उभं राहून तो सूर गाऊ लागलं, बेसूर, पण जीव तोडून. दीपकच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने माइक लोकांपुढे धरला. त्याचा व्हिडिओ निघाला आणि जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. आपल्या माणसाचा गळा गेला तेव्हा खान्देशाने त्याला गळा दिला, असं लोक लिहू लागले.

तेव्हापासून दर कार्यक्रमात त्या जागी दीपक माइक लोकांपुढे धरू लागला. वरच्या सुराला आता कोणाचीच गरज उरली नाही.

पुनमला काढलं असं कोणी म्हणालं नाही. फक्त फोन येईनासा झाला. शेवटी तिनेच प्रेमराजला फोन केला.

“अक्का, त्या दिवशी आवाज का नाही लावला?” तो म्हणाला. “दीपकभाऊंना कळलंय ते. पण ते रागावलेले नाहीत. उलट बरंच झालं म्हणतात.”

हे ‘बरंच झालं’ तिला शिवीपेक्षा झोंबलं.

नंतर फैजपूरच्या एका महिला मंडळाने तिला एकटीला गायला बोलावलं. “आता दीपकभाऊंचं लोकप्रिय गाणं सादर होईल,” निवेदिका म्हणाली. पुनम पुढच्या माइकशी गेली. समोर कोणाची पाठ नव्हती, नुसती माणसं होती. तिने ओळ म्हटली ती दीपकसारखी, त्याने गिळलेला शब्द गिळून, त्याने ओढलेला ओढून. तीच चाल तिने पहिल्यांदा केली तेव्हा कशी म्हटली होती, हे तिला आठवेना. जुना, स्वतःचा आवाज ती गाता गाता शोधत राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. “अगदी हुबेहूब हो,” एकजणी कौतुकाने म्हणाली.

त्यानंतर तिने कोणाचं बोलावणं घेतलं नाही.

यंदा श्रावणात गल्लीत कानबाई देवी बसली होती. सोमवारी सकाळी बायका विसर्जनाला पांझरा नदीकडे निघाल्या. पुनम स्टेजवर गात असे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिला पुढे ढकललं. “पुनमताई, तू धर गाणं.” ती शेजारच्या शेवंताबाईचा दंड धरून म्हणाली, “तुम्ही सुरू करा ना.” शेवंताबाईने भसाड्या आवाजात पहिली ओळ टाकली. पुनमची नजर तिच्या खांद्यावर गेली, आणि दुसऱ्या ओळीपासून पुनम गाऊ लागली. शेवंताबाईच्या आवाजात तिचा आवाज असा मिसळला, की मिरवणुकीत तो कोणालाच वेगळा ऐकू आला नाही.