हबीबभाईंनी बसवलेलं शेवटचं बूच

हबीबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चितेगावला लेथवर होतो. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून शेडच्या मागं गेलो. त्यांचा मुलगा अस्लम एवढंच म्हणाला, "चाचा, अब्बा गए." मी आत आलो, हातातला जॉब पुरा केला, मशीन बंद केलं. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही... आता काही आठवडे उलटून गेलेत, तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलो की तसंच होतं.

शहरात गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. परवाना वडिलांपासूनचा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या गावांतले शेतकरी, घराण्यात चालत आलेली ठासणीची बंदूक पोत्यात गुंडाळून आणणारे. मी नवा टर्नर असताना ते पहिल्यांदा माझ्याकडं आले ते एक गंजलेलं बूच घेऊन. ठासणीच्या बंदुकीत दारू पुढून, तोंडातून भरतात. नळीचं मागचं टोक पेचाच्या, म्हणजे आटे पाडलेल्या, बुचानं बंद केलेलं असतं. बार उडाला की सगळा जोर त्या बुचावर येतो, आणि त्याच्या मागं वीतभरावर माणसाचा डोळा असतो. "पेच तू काट, बिठाता मैं," ते म्हणाले, आणि आमची दोस्ती तिथून सुरू झाली ती दोघांची चाळिशी, पन्नाशी ओलांडून टिकली.

बूच बसवताना त्यांना बघणं मला फार आवडायचं. बुचाला दिव्याची काजळी लावायची, नळीत फिरवायचं, काढायचं, काजळी कुठं पुसली गेली ते चष्मा कपाळावर चढवून निरखायचं, तेवढंच कानशीनं घासायचं... असं दिवसभर चालायचं. मधेच मला शिकारीच्या बाता ऐकवायचे. खरं म्हणजे त्यांनी जन्मात शिकार केली नव्हती. घरात कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला हाक मारायचे आणि स्वतः बोळाच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. त्यांच्या पत्नी शाहनाजभाभी यावरून त्यांना हसायच्या, आणि तेही हसायचे.

हर्सूलच्या पुढच्या एका गावातले रामभाऊ त्यांच्याकडं आले ते मक्यात रानडुकरं शिरायला लागली तेव्हा. वडिलांची बंदूक होती, बूच गंजून आतले पेच झिजून गेले होते. हबीबभाईंनी नळीचा मागचा खराब तुकडा कापून टाकला, आत नवे पेच पाडले. बूच मी कातून दिलं. त्यांनी ते बसवलं, मग गावाबाहेर नेऊन बंदूक टायरला बांधली आणि भिंतीआडून दोरीनं चाप ओढला. पुन्हा भरली, पुन्हा ओढला. बूच हललंसुद्धा नाही. रामभाऊ खूश होऊन घेऊन गेले.

पुढच्या मक्याला, एका सकाळी, ती बंदूक रामभाऊंच्या हातात फुटली. ते शेतातच गेले.

पोलिसांनी हबीबभाईंना बोलावलं, जबाब घेतला, परवाना पाहिला आणि सोडून दिलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. कागदावर 'नळी फुटून मृत्यू' एवढंच होतं. कुठून फुटली, हे कोणी लिहिलं नव्हतं. आणि तेवढंच हबीबभाईंना हवं होतं. नळी मधे फाटली की बूच मागं सुटलं? ते रामभाऊंच्या गावी गेले. भावकीतल्या माणसांनी ओट्यावर बसवलं, चहा दिला. "झालं ते झालं, भाई. आता कशाला उकरता?" म्हणाले. परत आल्यावर हबीबभाई मला म्हणाले, "किसी ने इल्जाम बी नहीं लगाया रे सुभाष. लगाते तो मैं पूछता ना, कहाँ से फटी?"

मग बंदुकीचे तुकडे बघायला मिळावेत म्हणून त्यांनी पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू केल्या. कधी मुद्देमालाचा कारकून रजेवर, कधी कोर्टाचा हुकूम आणा. शेवटच्या खेपेला मी सोबत होतो. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "जुना माल नष्ट केला." हबीबभाईंनी विचारलं, "नष्ट म्हणजे?" "म्हणजे नाय आता." ते पायरीवर येऊन बसले. आपल्या तळहातांकडं बघत होते.

त्यानंतर त्यांनी एकही बूच बसवलं नाही. आलेल्या माणसाला "होत नाय आता" म्हणून परत पाठवायचे. परवान्याची मुदत संपली, ती त्यांनी संपू दिली. दुकानाच्या जागी आज मोबाइलची कव्हरं मिळतात. शिकारीच्या बाता थांबल्या. पुढं छातीचं दुखणं लागलं. शेवटच्या भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं. "पेच बराबर काटा था ना तू?"

"बरोबर होता, हबीबभाई."

"मैं बी बराबर बिठाया था." मनगट न सोडता म्हणाले, "फिर?"



ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घरी गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर दारात एक बाई उभी दिसली. रामभाऊंची बायको सुमनबाई, असं तिनं सांगितलं. बाजारात कोणाकडून तरी कळलं म्हणून आली होती. मी ओळख सांगितली, पाणी दिलं. बोलता बोलता ती म्हणाली, "मी तिथंच व्हते की त्या दिशी. पहिला बार उडलाच नाय, नुसती चापाखालची ठिणगीची टोपी वाजली. डुकरं आत घुसली, तवा ह्यांनी घाईघाईनं त्याच्यावरच पुन्हा दारू ठासली. मी म्हणलं, आधीची काढा. थांब गं, म्हणले..."

मी विचारलं, "फुटली कुठून?"

"मधूनच. मागचं समदं लाकडाला धरून तसंच व्हतं. मीच उचलली ना ती."

"हबीबभाई आले होते तेव्हा सांगितलं नाही कोणी?"

"माणसं बाहेर बोलत व्हती, मी आत. मला कोण इचारतंय? आन् मला वाटलं, बंदुकीतलं त्यांना कळतंच, त्यांना ठावं आसल."

ती गेल्यावर मी शाहनाजभाभींना सगळं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला, रडल्या मात्र नाहीत. मग आतल्या खोलीकडं हात करून म्हणाल्या, "जा के बोलो भाई. मैं बी रोज जा के कुछ ना कुछ बोलती."

मी आत गेलो. खिडकीशी त्यांची खाट तशीच होती, वरची चादर धुतलेली, घडीच्या रेघा न मोडलेली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "हबीबभाई, बूच जागेवर होतं." बोळात कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होईना. मी दार लोटून बाहेर आलो.