बेटावरच्या क्वार्टर्सचा कठडा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्याकडे साधा हिशेब असतो – जे परत घडवून दाखवता येत नाही तो बग नाही, तो तुमच्या डोळ्यांचा दोष. तुमच्या सदरातले अनुभव मी आजवर एमआरटी ट्रेनमध्ये बसून हसत हसत वाचत आले. आता हसायची पाळी तुमची.

माझे सासरे, आप्पा, कोकणातल्या दीपगृहांवर नोकरी करून रिटायर झाले. त्यांचा आणि सासूबाईंचा सगळा संसार दीपगृहाच्या क्वार्टर्समध्येच झाला. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि आप्पांचं जेवणच तुटलं. आम्ही त्यांना इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. नवरा मरीन इंजिनिअर, तो जहाजावर. मी आपली कधी माशाचं कालवण, कधी घावन, कधी मऊ भात करून बघायची... आप्पा अर्धी पोळी कुसकरून ताट सारायचे. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण वजन असंच उतरत राहिलं तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मला रात्री झोप लागत नव्हती. नवरा तिकडे समुद्रावरून दर फोनला आप्पा जेवले का विचारायचा; त्याला हे कसं सांगायचं तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात एका हेरिटेज ग्रुपची सहल निघाली – बोटीनं एका छोट्याशा बेटावर, जुनं दीपगृह बघायला. दिवा आता आपोआप लागतो, तिथे कुणी राहत नाही. आप्पा नकोच म्हणत होते, पण सईनं, माझ्या मुलीनं, त्यांचा हात धरला तो बोटीत बसेपर्यंत सोडला नाही.

बेट केवढं? आमच्या ब्लॉकखालच्या कारपार्कएवढं. भर दुपारचं लख्ख ऊन, मध्ये पांढरा मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी रखवालदारांची क्वार्टर्स. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, जाडजूड भिंती, खिडक्यांना लाकडी झडपा. स्वयंपाकघर मात्र मागे, मुख्य घरापासून सुटं. आणि काय सांगू... आप्पा बोलायला लागले! कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो जुना ठसक्यातला आवाज. छपराचं पाणी पन्हळीतून टाक्यात कसं उतरतं, गोड्या पाण्याचा थेंब न् थेंब कसा जपायचा, झडपा वाऱ्याकडे पाठ करून का उघडायच्या, सगळं ते सईला दाखवत सुटले. सरकार कुठलंही असलं तरी दीपगृहावरचं घर ओळखीचंच निघतं, म्हणाले.

बोटीत पाणी उडून सईचा पिवळा टॉवेल भिजला होता. मी तो पिळून व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत टाकला आणि अंगणात त्यांच्याजवळ आले. आप्पांचा चेहरा एकदम बदलला.

"तिथे नको गो घालू," ते म्हणाले. "जेवण तयार झालं असं समजून वरचा तो खाली यायला निघेल."

कोण तो, असं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. दिवसा दीपगृहाच्या भिंगाभोवती पडदे ओढून ठेवावे लागतात, नाहीतर ऊन त्यातून एकवटून आग लागायची. आप्पा वर पुसायला, तेलपाणी करायला असले की वाऱ्यात हाक काही पोचायची नाही. म्हणून जेवण तयार झालं की सासूबाई कठड्यावर एक कपडा टाकायच्या. आप्पा घराकडच्या बाजूचा पडदा वीतभर सारून परत ओढायचे. म्हणजे, बघितलं, आलोच. त्यामुळे त्यांच्या घरी त्या कठड्यावर एरवी कधीच काही वाळत पडलं नाही.

हे सांगता सांगता त्यांनी सवयीनं वर बघितलं. आम्हीही बघितलं.

वरच्या काचेमागे पांढरा पडदा होता. तो वीतभर सरकला... आणि परत ओढला गेला.

"आजोबा, समबडी इज अप देअर लाह," सई म्हणाली. म्हणजे भ्रम असलाच तर तिघांना एकदम झाला.

मी तडक आमच्या गाइडला गाठलं. साठीचे चिनी अंकल, फार सज्जन माणूस. त्यांनी खिशातली किल्ली दाखवली, मनोऱ्याचं कुलूप उघडलं आणि मला वर घेऊन गेले. वर एक आधुनिक, बुटका दिवा. जुनं भिंग केव्हाच हलवलेलं. पडदा नाही, पडद्याची दोरीसुद्धा नाही. "नो कर्टन सिन्स लाँग टाइम, मॅडम," अंकल म्हणाले. खाली येऊन मी टॉवेल काढला, परत टाकला, परत काढला... टेस्टर ना मी! काही हललं नाही. "मम्मा, वन्स इज इनफ," सई म्हणाली.

आणि आप्पा? ते व्हरांड्याच्या पायरीवर ऐसपैस बसून डबा उघडत होते. पोळी-भाजी संपली, दडपे पोहे संपले. मग त्यांनी सईच्या नासी लेमाकमधली, म्हणजे इथल्या नारळीभाताच्या पाकिटातली, तळलेली सुकट उचलली, आपलीच आहे की ही म्हणाले, आणि तिखट सांबल चटणीसकट ते पाकीटही साफ केलं. सई खो-खो हसत होती. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"मी वर पडदा सारायचो आणि विसरायचो," आप्पा बोटं चाटत म्हणाले. "खाली उभं राहून तो हललेला बघायला एवढं बरं वाटतं, हे ती मला कधी बोललीच नाही."

काचेवरचं ऊन, पक्षी, ढगाची सावली – सगळं धरून बघितलं, कशातच बसत नाही. जे घडलं त्याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला तेव्हा मी पडद्याचं नंतर सांगायचं ठरवलं आणि आधी एवढंच म्हटलं, की आप्पा आज पोटभर जेवले.

तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.