जप्तीत न घेतलेला कागद

तिसगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातली ती सभा इतक्या वर्षांनीही माझी पाठ सोडत नाही. नोकरीतल्या बाकीच्या प्रकरणांत मी गुन्हेगार शोधले. या एका प्रकरणात मी गुन्हेगार तयार केला.

त्या भागातले ठाणे तेव्हा माझ्याकडे होते. सभा इथूनच निवडून गेलेल्या एका नेत्यांची होती. आदल्या दिवशी गोपनीय शाखेचा हवालदार खबर घेऊन आला. "साहेब, उद्या नेत्यांना भर सभेत कोणीतरी दवाखान्याचं विचारणार हाय." गावच्या आरोग्य उपकेंद्राला पुन्हा वर्षभर कुलूप होते. नर्सची बदली झाली, दुसरी आलीच नाही.

मोठ्या नेत्याचा दौरा असला की बोलणाऱ्या माणसांची यादी काढायची, प्रतिबंधक नोटिसा द्यायच्या आणि ताफा जाईपर्यंत त्यांना ठाण्यात बसवून ठेवायचे, ही आमची रीत. सकाळीच चौघांना आणले, चहा-पोहे दिले. एकजण म्हणाला, "प्रश्न विचारायच्या आधीच पोहे! लई भारी सरकार हाय." आम्हीही हसलो. यादीत एकही बाई नव्हती. बाई कशाला उठते, असे आम्ही धरून चाललो होतो.

उठली ती बाईच. अंगणवाडीतली मदतनीस, पन्नाशीची. हातात घडी केलेला कागद. "दादा, दवाखान्याचं कुलूप कवा निघायचं? माझी सून टेम्पोत बाळंत झाली."

नेते माइकवर हसले. "ताई, तुमच्यामागं कोण आहे ते मला ठाऊक आहे. बसा खाली."

"मागं कुनी न्हाई. उत्तर द्या."

कार्यकर्ते ओरडू लागले. आम्ही तिला गाडीत बसवले.

विश्रामगृहावर नेत्यांनी मला बोलावून घेतले. "सभा उधळायचा डाव होता. पक्की केस करा."

मी फौजदार म्हणून नवा असताना याच नेत्यांनी, याच उपकेंद्रासाठी, याच चौकात मंत्र्यांची गाडी अडवली होती. तेव्हा मीच त्यांना ठाण्यात आणले होते आणि चहा पाजून संध्याकाळी सोडले होते. धीर करून म्हणालो, "साहेब, पूर्वी तुम्हीही इथेच..."

"तेव्हा जनता विचारत होती," ते म्हणाले. "आज विरोधक विचारतायत."

ठाण्यात महिला शिपायाच्या समोर चौकशी सुरू झाली. माझा प्रश्न एकच होता, कोणी पाठवलं? दोन तास एकच उत्तर, "कुनी न्हाई." शेवटी मी वैतागून म्हणालो, "बाई, नाव सांगा, घरी जा."

तिने कागद उलगडून टेबलावर ठेवला. "ह्यांनी पाठवलं. घ्या लिहून."

पिवळे पडलेले पत्रक होते. वर नेत्यांचे नाव आणि तरुणपणीचा फोटो, खाली मजकूर: 'दवाखान्याला नर्स का नाही? ज्याला निवडून दिलं, त्याला भर सभेत विचारा!'

"आमच्या दारात स्वतः देऊन गेल्ते," ती म्हणाली. "तवापासून जपून ठिवलंय."

महिला शिपाई तोंड फिरवून उभी राहिली. तपास तिथेच संपायला हवा होता. मी मात्र पत्रक घडी करून माझ्या डायरीत ठेवले. जप्ती पंचनाम्यात त्याची नोंद घेतली नाही. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल केला आणि दोषारोपपत्रात लिहिले, 'अज्ञात इसमांच्या चिथावणीवरून'. मुले नगरच्या सावेडी भागात शाळेला होती, मला नगरला बदली हवी होती. ती मिळाली. बाईंचे अंगणवाडीतले काम गेले आणि कोर्टाच्या तारखा मागे लागल्या.

निवृत्तीनंतर साक्षीचे समन्स आले. मी ते पत्रक खिशात घालून गेलो आणि साक्षीच्या पिंजऱ्यातून कोर्टापुढे ठेवले. बाईंच्या वकिलांनी विचारले, "हा कागद पंचनाम्यात का नाही?"

"आरोपीला ज्यांनी पाठवलं, त्यांचं नाव त्यावर होतं म्हणून."

पुढे बाई निर्दोष सुटल्या. काम परत मिळाले नाही.

नेत्यांच्या दुटप्पीपणाबद्दल लोक बोलतात, तेव्हा मी गप्प बसतो. प्रश्न तोच होता, कुलूपही तेच होते. नेते चौकातून व्यासपीठावर गेले, एवढाच फरक. पण तोच प्रश्न एकदा आंदोलन आणि एकदा गुन्हा ठरला, तो माझ्या सहीने. हुकूम त्यांचा होता, हे खरे. सही माझी आहे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाबाहेर बाईंची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, माफ केले असे काही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारले, "साहेब, माझा कागद परत मिळंल का?"

"तो आता कोर्टाच्या फायलीत आहे. नक्कल मिळेल. कशाला हवाय?"

"कुलूप हाय तसंच हाय. पुढच्या महिन्यात सभा हाय."

नकलेचा अर्ज मी माझ्या हाताने भरला.