एवढं पाण्यात टाकू नका

हिंजवडीच्या चौकात कंपनीची बस अडकली की आमचे ड्रायव्हरकाका इंजिन बंद करून कासवाची गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच. कासवाला धरणारे विचारतात, "कापू की भाजू?" कासव म्हणतं, "काहीही करा, एवढं पाण्यात टाकू नका." ते मुद्दाम पाण्यातच टाकतात, कासव सुटतं.

परदेशात हीच गोष्ट सशाची आहे, त्याला काटेरी झुडपात टाकतात, असं मी कॉलेजात वाचलं होतं. ते सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे सायेब लोक सगळीकडं सारखंच."

दुसरी सवय कुरकुरीची. गेटवर सुपरवायझर दिसला की आवाज चढायचा. "वारज्याची गाडी म्हंजे शिक्षा हाय! हडपसर द्या की राव!" सुपरवायझर हसायचा आणि परत वारजेच द्यायचा. घर कुठे, असं कुणीही विचारलं, तर काका म्हणायचे, "लांब."

मी घरातली पहिली पदवीधर. गावी अख्ख्या आळीचे अर्ज मीच लिहिलेत, त्याचा अभिमान आहे. काकांसाठीही लिहिला, त्यांना कळू न देता, इंग्रजीत, बसमधल्या अठरा जणांच्या सह्या घेऊन. वाहतूक विभागात नव्या मॅडम आल्या होत्या, भल्या होत्या. दोन दिवसांत हडपसर मंजूर.

मी मोठ्या तोऱ्यात ते सांगितलं. काकांनी चालू केलेलं इंजिन बंद केलं.

"ताई, घर वारज्यालाच हाय माझं. बायको अंथरुणाला खिळलीय. गाडी रात्री दारात उभी राहती, म्हणून सकाळी तिला भरवून निघतो."

"मग मला सांगायचं ना, काका!"

"रोज सांगत होतो की. कासव कोण वाटलं तुम्हाला?"

मी दुसरा अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर तुमच्या विनंतीवरून बदललं. आता सहा महिने काही करता येणार नाही." काकांकडे सहा महिने नव्हते. त्यांनी आठवड्यात नोकरी सोडली.

शेवटच्या दिवशी मी माफी मागितली. म्हणाले, "तुमची चूक न्हाई. गोष्टीत धरणारा वाईट लागतो. तुम्ही चांगल्या निघालात."

बस अजूनही त्याच चौकात अडकते. नवा ड्रायव्हर बोलत नाही, मलाही बोलायचा उत्साह उरलेला नाही. अर्ज मात्र लिहिते, लोक मागतातच. फक्त कागद पुढे ओढण्याआधी विचारते, "राहता कुठे?" "लांब" असं उत्तर आलं, तर पेन खाली ठेवते.