रायफलीच्या दुर्बिणीवरचा नऊ आकडा

तुरीच्या सरीत बाई कुशीवर पडली होती आणि तिच्या खांद्याचे रक्त माझ्या रुमालाने थांबत नव्हते. जीपमध्ये घालेपर्यंत ती दोनदा "पाणी" म्हणाली, मग बोलणे बंद झाले. पोलिसांतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण उदगीरकडचे ते शिवार मी विसरलेले नाही.

गोळी शेजारच्या शेतकऱ्याने मचाणावरून झाडली होती. रानडुकरे मारायची वनखात्याची परवानगी त्याच्याकडे होती, रायफलही परवान्याची. ठाण्याला खबर त्यानेच दिली. बाईच्या नवऱ्याने फिर्याद लिहून दिली, "आमचं बांधाचं भांडण हाय. त्यानं बघूनच मारली."

चौकशीत आमच्या तरुण फौजदारांनी रायफल टेबलावर ठेवली. "दुर्बीण कितीवर होती?"

"नऊवर, साहेब. डुकराबिगर कायच दिसत नव्हतं."

"ताकद बदलायचे हे कडे तर चारवर आहे. चारवर अर्धे शेत दिसते. बाई दिसली नाही म्हणतोस?"

"नऊवरच होती, साहेब," तो पुन्हा तेच बोलला. गुन्हेगार तेच तेच बोलतो आणि घाबरलेलाही तेच बोलतो. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागणार, हे ठरल्यासारखेच होते.

मी डायरी उघडली. जागेवर मी लिहिले होते: नळीवर फिरते कडे, आकडा नऊ. मला दुर्बिणीतले कळत नव्हते, आणि कळत नाही ते मी दिसेल तसे उतरवते.

"मग चार कुणी केला?" साहेबांनी विचारले.

"ठाण्यात आल्यापासून सगळ्यांनी डोळा लावून, कडं फिरवून बघितलं," मी म्हणाले. " तुम्ही बी बघितलं. सील कुठं केलंय अजून?"

सील त्याच वेळी लागले.

देगलूरहून बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा बोलावले. त्यांनी तशीच दुसरी दुर्बीण आणली. बाईच्या जागी शिपाई बसवून मी मचाणावरून पाहिले. डुकराच्या जागेवर नेम धरला तर नऊवर शिपाई दिसेना. चारवर त्याची टोपीसुद्धा दिसली.

चाचा म्हणाले, "जमादारबाई, माझी सोताची दुर्बीण जुनी, एकाच ताकदीची. फिरवायलाच न्हाई, तर बिघडायला बी कमी. फिरती बी चांगली असती, पण पैसे मोजले तर. स्वस्तातलीचा नेम चारवर एकीकडं, नऊवर दुसरीकडंच."

मी आरोपीला विचारले, "नेम कितीवर बसवला होता?"

"चारवर."

"अन् नऊवर तपासला?"

"न्हाई, बाई. इकणारा म्हणला, फरक पडत न्हाई."

प्रयोगशाळेचा अहवाल आला. नऊवर गोळी हातभर उजवीकडे जात होती. बाई डुकराच्या मागे, उजव्या अंगालाच गवत कापत होती.

खुनाच्या प्रयत्नाचे कलम गेले, निष्काळजीपणाचे राहिले. नवऱ्याला ते पटले नाही आणि मी त्याची समजूत घातली नाही. पुढे काय आहे ते न पाहता गोळी झाडली, हे खरेच होते. मी एवढे शिकले की आरोपीला खोटे ठरवण्याआधी मुद्देमालाला आपलेच हात लागले का, ते पाहावे.

बाई वाचली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डुक्करही वाचले.