आत्या खाटेवर पडून बघते

माझ्या आत्याने आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली आणि आयुष्यभर कुणाचंही म्हणणं पहिल्या झटक्यात खरं मानलं नाही. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला ती आधी मैदानाला एक फेरी मारायला लावायची. खरंच दुखत असेल तर चेहऱ्यावर दिसतं, असा तिचा दावा. पोरं तिला मागे ‘तोफ’ म्हणायची. तिला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

अशा बाईवर अक्कासाठी वृद्धाश्रम शोधायची वेळ आली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. दोघींचं घर एकच. आत्याची पळायची पहिली हाफपँट अक्काने वडिलांपासून लपवून शिवली होती, आणि ती घालूनच आत्या पहिली शर्यत जिंकली. आता अक्काच्या कमरेखाली जोर नाही, कूस बदलायलाही माणूस लागतं. आत्याचे गुडघे गेले, पाठ गेली, तोंड मात्र शाबूत आहे. आपली शाळेतली शिट्टी तिने अक्काच्या गळ्यात अडकवली होती. काही लागलं की वाजव. अक्का वाजवायची. पाणी, उशी, बेडपॅन, खिडकी, परत उशी. आत्या घरात नसेल तर शिट्टी ऐकून शेजारीण यायची.

“हिच्या शिट्टीने मला एक दिवस वेड लागणार आहे,” असं म्हणत आत्या उठायची. पण उठायची.

लोक वृद्धाश्रम बघायला जातात म्हणजे काय करतात? बाग बघतात. फरशी चकचकीत आहे का बघतात. मॅनेजर गोड गोड बोलतो, आणि यांना एकदाचं मोकळं व्हायचं असतं, म्हणून हे माना डोलावतात. मला त्या माना धरून गदागदा हलवाव्याशा वाटतात. आत्या बागेकडे ढुंकूनही बघायची नाही. “खाट कुठली?” एवढं विचारायची आणि चपला काढून सरळ त्या खाटेवर आडवी व्हायची.

“आता माझे पाय हलत नाहीत असं समजा,” ती छताकडे बघत जाहीर करायची. मग पडल्या पडल्या हात लांब करायची. पेला हाताला लागतो का, दिवा बंद करता येतो का, कठडा डगमगतो का. शेवटी बेल दाबायची, मला आणि मॅनेजरला बाहेर घालवायची आणि कोण येतंय ते बघत पडून राहायची. एका ठिकाणी बेल वाजलीच नाही. दुसरीकडे वाजली, तर आया दारातूनच “काय आहे?” असं खेकसून निघून गेली. आणखी एका ठिकाणी कुणी येईना म्हणून आत्याला चक्क झोप लागली. जाग आली तेव्हा एक मुलगी दुसऱ्याच कुणाच्या गोळ्या घेऊन तिला “आ करा” म्हणत उभी होती. त्या दिवशी आत्याचा आवाज मला बाहेर गाडीपर्यंत ऐकू आला.

मग हे शेवटचं ठिकाण. त्या सकाळी आत्याचे डोळे लाल होते. “रात्रभर शिट्टी. डोळ्याला डोळा नाही,” ती म्हणाली. अक्काला नुकतीच झोप लागली होती. “शिट्टी ऐकू आली की बघा हं,” असं शेजारणीला सांगून आम्ही निघालो.

तिथे सगळं नीट निघालं. पेला हाताशी, कठडा पक्का. बेल दाबली तर लगेच एक मुलगी आली आणि चक्क विचारलं, “काय हवंय, आजी?” तिच्यामागून मॅनेजर आणि मी आत आलो, तेव्हा आत्या हसायच्या बेतात होती. उठून बसली आणि तिची नजर शेजारच्या खाटेवर गेली. तिथे एक बारकीशी म्हातारी पडली होती. तिच्या बेलची वायर गुंडाळून, बटणासकट, उशाच्या वर खिळ्याला अडकवलेली.

“ही वर का?”

“अहो, त्या उगाच वाजवतात,” मॅनेजर म्हणाला.

“उगाच म्हणजे?”

“म्हणजे काहीच नसतं. पाणी द्या, उशी सरकवा, जरा बसा. बाकीच्यांना त्रास होतो ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आत्या माझ्या आधी पेटली. “पाणी म्हणजे काहीच नसतं? पाय गेलेल्या माणसाकडे ते एक बटण राहिलंय, तेही तुम्ही टांगून ठेवता? लाज नाही वाटत?”

“मॅडम, आवाज जरा कमी करा.”

“आवाज कमी करायची सोय तुम्ही केलीच आहे की. खिळा ठोकून!”

तिने वायर काढून बटण म्हातारीच्या हातात दिलं. म्हातारीने ते दाबलं नाही. मॅनेजरकडे एकदा बघितलं आणि हळूच आत्याला विचारलं, “तुम्ही येणार का इथे? मग माझ्यासाठी पण वाजवाल?”

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला पायात सरकवल्या.

परतीच्या वाटेवर मात्र तिचं तोंड थांबेना. तक्रार करते, वर्तमानपत्रात देते, या माणसाला पाय बांधून मैदानात उभा करते. घरापाशी शेजारीण दारातच भेटली. “आज एकदाही शिट्टी नाही हो. गाढ झोपल्यात. म्हटलं, कशाला उठवा.”

आत्या जागीच थांबली. मग त्या गेलेल्या गुडघ्यांनी ती धावली.

अक्का जागी होती. चादर ओली. पेला जमिनीवर पडलेला, पाणी खाटेखाली गेलेलं. आणि शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला, नाडीसकट. पहाटे आत्यानेच ती अक्काच्या गळ्यातून काढून तिथे अडकवली होती, आपला थोडा डोळा लागावा म्हणून. परत घालायची राहून गेली.

“हाका मारल्या गं,” अक्का म्हणाली. तिचा घसा पार बसला होता. “मग म्हटलं, येशीलच.”

आम्ही तिला पुसलं, चादर बदलली. आत्याने शिट्टी परत अक्काच्या गळ्यात घातली आणि नाडीची गाठ दोनदा आवळली. तिला इतका राग आलेला मी कधी बघितला नव्हता, आणि या वेळी ओरडायला समोर कुणी नव्हतं.

“जागा कशी होती?” अक्काने विचारलं. “बेल देतात का हाताशी?”

“काढून ठेवतात.”

“का गं?”

“दमतात,” आत्या म्हणाली. मग तिचा आवाज एकदम मैदानातला झाला. “दमले तर दुसरं माणूस आणावं! काढून ठेवायची नाही!” ती माझ्याकडे वळली. “उद्यापासून रात्रीचं माणूस बघायचं. मिळेपर्यंत तू इथे झोपायचंस. आणि आधी पक्कड आण.”

खिळा चांगला खोल होता. निघाला तेव्हा भिंतीचा टवका घेऊन निघाला. मी पक्कड परत ठेवायला निघाले, तर आत्याने हात पुढे केला.

“माझ्या पिशवीत टाक. त्या म्हातारीचा राहिलाय.”