पोर्टमधला बनियन

गाडीच्या सबवूफरचे बॉक्स बनवणाऱ्या दणकाशेठना मीटर-बिटर चालत नसे. बॉक्सच्या पोर्टसमोर, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या भोकासमोर, तळहात धरून ते बास जुळवत. जावयाच्या गाडीचा बॉक्स मात्र घरचंच काम, म्हणून हात धरून बघायचं तेवढं राहिलं.

जावई म्हणाला, "बाबा, बास दबल्यासारखा वाटतो."

शेठ उखडले. "माझ्या बॉक्समध्ये खोट? जावईबापू, आधी कान तपासून घ्या!"

पुढच्या रविवारी मुलीनेच पोर्टसमोर हात धरला. "बाबा, वाराच येत नाहीये."

शेठनी आत हात घातला. गोंद पुसायला घेतलेला त्यांचाच जुना बनियन बाहेर आला. "सापडला रोग!" म्हणत ते एकटेच हसले.

मुलगी हळूच म्हणाली, "हे खरंच कान तपासून आलेत, बाबा. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

बनियन कुठे लपवावा, शेठना सुचेना.